पंखांच्या बेडकाचे गुण

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

गणपती गेले की घर उगाचच मोठं वाटतं. मखराचे पुठ्ठे माळ्यावर टाकले आणि या डायरीकडे वळलो. पतपेढीनं जानेवारीत दिलेली डायरी सप्टेंबरपर्यंत कोरी होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दीपेश दर्शनाला आला होता. हा गव्हाणचा. दहावीला माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि भूगोलात काठावर पास झाला. आता नवीन पनवेलला त्याचं कार्डांचं दुकान आहे. खेळायचे पत्ते नव्हेत. परदेशी खेळांची रंगीत कार्डं, त्यांवर चित्रविचित्र प्राणी असतात. मुलं ती जमवतात आणि बदलाबदली करतात. मोठी माणसंही करतात म्हणे. मोदक खाता खाता तो सहज म्हणाला, "सर, आता कार्डांना पन मार्क देतात. दहापैकी."

माझा हात चहाच्या कपावरच थांबला. तेहेतीस वर्षं मास्तरकी, त्यातली अकरा वर्षं बोर्डाचा मॉडरेटर. मार्क हा शब्द ऐकला की मी कान टवकारतो, हे शशिकला लग्नापासून बघतेय. कोण देतं? कशाचे देतं? एकच माणूस तपासतो की दोन? दीपेशला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं. चित्र मधोमध छापलंय का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग, असे चार भाग बघतात. मग कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात आणि वर गुणांची चिठ्ठी लावतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. "आमच्या घरात स्लॅब बोललं की सगली बिल्डिंगच समजतात," तो म्हणाला.

आमच्या लेकीचं, रेवाचं, असंच एक कार्ड माझ्याकडे आहे. प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये, तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या मागे. आज काढून बघितलं. पंख असलेला बेडूक, मागं चंदेरी चकाकी, तिरपं धरलं की रंग बदलतात. चौदा वर्षांत एक कोपरा दुमडला नाही की एक डाग पडला नाही. श्रेय माझं. २०११ साली मी ते स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

या कार्डाला गुण का हवेत, त्याचं खरं कारण लिहून ठेवतो. स्वतःच्या डायरीशी खोटं बोलून काय मिळणार?

तेव्हा आम्ही तळ्याजवळ भाड्यानं राहत होतो. रेवा सातवीत होती, शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर. तिच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकशे अठ्ठेचाळीस कार्डं होती. आकडा तिनंच डब्याच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहिला होता. एका शनिवारी ती शाळेत असताना मी तो डबा रद्दीवाल्याला दिला. वर्तमानपत्रांबरोबर. संध्याकाळी तिनं डब्याची जागा बघितली, माझ्याकडे बघितलं आणि अभ्यासाला बसली. रडली नाही, विचारलंही नाही. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी म्हणालो, "बघ."

हा "बघ" मला अजून टोचतो.

बेडूक तेवढा वाचला, कारण तो तिच्या कंपासपेटीत होता. मे महिन्यात मला राहवेना. माफी मागायला हवी हे कळत होतं, पण जीभ वळत नव्हती. मास्तर माणूस फार तर फेरतपासणी करतो, माफी मागत नाही. म्हणून ते कार्ड तिच्या नकळत घेतलं, लॅमिनेट करून आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते बराच वेळ बघितलं. "थँक्यू बाबा," म्हणाली. मग मलाच परत दिलं. "तुमच्याकडेच ठेवा, नीट राहील." बारा वर्षांच्या मुलीला एवढी समज आली म्हणून मला बरं वाटलं होतं. त्यानंतर तिचा कार्डांचा नादही सुटला.

आता ती सव्वीसची आहे. बंगळुरूला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रं काढते. रोज आईशी अर्धा-पाऊण तास बोलते, मग फोन माझ्याकडे येतो. "बाबा, गोळी घेतली?" "घेतली." "बरं."

दिवाळीला ती येईल तेव्हा बेडूक गुणांसकट डबीत घालून तिच्या हातात द्यायचा आणि चौदा वर्षं अडकलेलं वाक्य बोलून टाकायचं, असं ठरवलंय. रिकाम्या हातानं मला माफी मागता येत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

करंजाड्याच्या घरून रिक्षा करून दीपेशच्या दुकानात गेलो. पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराचा गाळा, पण आत काय शिस्त! प्रत्येक कार्ड मऊ पिशवीत, पिशवी कडक पाकिटात. दीपेश हात धुऊन, पुसून मगच कार्डाला हात लावतो, तोही फक्त कडांना. भूगोलाच्या नकाशाच्या वहीला यानं कधी कव्हर घातलं नव्हतं.

त्यानं मला दोन सारखी कार्डं दाखवली. एकाला दहा, दुसऱ्याला आठ. मी भिंग घेऊन पंधरा मिनिटं शोधत होतो. शेवटी त्यानं दाखवलं, एका कोपऱ्याचा टोकाएवढा रंग उडाला होता. मी मनात म्हटलं, इतकं कडक तपासलं असतं तर आमचा बोर्डाचा निकाल बारा टक्के लागला असता.

मग मी बेडूक काढला. दीपेशनं तो घेतला, दिव्याखाली धरला, उलटा केला. मग म्हणाला, "सर, हे रेवाचं काय?" मी म्हटलं, "हो. कसं ठेवलंय बघ." तो म्हणाला, "हाय, कार्ड एकदम ओरिजिनल हाय. जपानची पयली छपाई. असं आता बघायला पन भेटत नाय." कार्ड त्यानं हळूच माझ्याकडे सरकवलं. "पन सर, पाठवायची घाई नका करू. फॉर्म आता बंद हायत. दिवाली झाली की बघू."

दिवाळीनंतर काय उपयोग? बाकीच्यांची पार्सलं मात्र माझ्यासमोर भरली जात होती. शेवटच्या बाकावरची सवय, काम पुढं ढकलायची. मला ठाऊक आहेत हे लोक. स्वतःच शोधायचं ठरवलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

शशिकलाला सगळं सांगितलं, फक्त मनातलं वाक्य सोडून. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आधी रेवाला विचारा."

"विचारलं तर अचानक काय राहिलं?"

"तिला अचानक नकोच असेल कदाचित."

बायकांना सरप्राइझ या गोष्टीचं वावडं का असतं?

२० सप्टेंबर, शनिवार

तीन सेवा निवडल्या. एक अमेरिकेची, सगळ्यांत मोठी. एक सिंगापूरची. एक पुण्याची, दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली. तिघांना एकच प्रश्नपत्रिका पाठवली, दहा प्रश्न. एक कार्ड किती जण तपासतात? दुसऱ्या परीक्षकाला पहिल्याचे गुण दिसतात का? मतभेद झाला तर निवाडा कोण करतं? तेच कार्ड पुन्हा पाठवलं तर तेच गुण पडतील का? माझ्या मते हा चौथा प्रश्नच खरा. आम्ही एकदा गंमत म्हणून एकच उत्तरपत्रिका चार परीक्षकांना दिली होती. एकतीसपासून सेहेचाळीसपर्यंत गुण आले. त्या पोराचं नशीब कोणाच्या टेबलावर पडलं असतं त्यावर होतं.

अमेरिकेहून मिनिटाभरात उत्तर आलं. तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुढं काहीच नाही. सिंगापूरनं दहापैकी सहा प्रश्नांची उत्तरं दिली, चौथ्याला बगल दिली. पुण्याहून काही नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पुण्याचं उत्तर आलं आणि काय उत्तर! कादंबरी नावाच्या बाईंनी मराठीत, मुद्देसूद, दहाच्या दहा. दोन परीक्षक स्वतंत्र खोल्यांत बसतात. एकाचे गुण दुसऱ्याला दिसत नाहीत. अर्ध्या गुणापेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा. चौथ्या प्रश्नाला त्यांनी लिहिलंय, "आम्ही दर महिन्याला पन्नास जुनी कार्डं नकळत पुन्हा तपासतो. आतापर्यंत सहा वेळा गुण वेगळे पडले. आम्ही माणसंच आहोत."

हे वाचून मी खुर्चीतून उठलो. चूक कबूल करणारा परीक्षक मला अकरा वर्षांत दोनदा भेटला होता आणि त्यातला एक मी नव्हतो.

गुणदान: अमेरिका ४, सिंगापूर ६, पुणे ९. दीपेशला साडेतीन, टाळाटाळीबद्दल तीन गुण कापून.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पाटावर माझं भिंग, हिरव्या शाईचं पेन, शशिकलाची शिवणाची कात्री आणि बेडूक. तिनं सगळ्यांना हळद-कुंकू वाहिलं. बेडकावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं की साफ गेलं. दीपेशच्या दुकानातलं दहा गुणवालं कार्ड हे सोसेल का? मी तिला हे बोलून दाखवलं. या घरात रेशन कार्ड, आरत्यांचा कागद, रक्तदाबाचा तक्ता, गॅसचं पुस्तक, सगळं माझ्यामुळे टिकलंय.

"मलाही एकदा करून आणा," शशिकला म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी रेवाची लॅमिनेट केलेली गुणपत्रिका परदेशच्या कोर्ससाठी कुणी साक्षांकित करेना, तिला बोर्डातून दुसरी प्रत काढावी लागली होती. शशिकलानं तेही उकरून काढलं. मी म्हटलं, नियम करणाऱ्यांना अक्कल नसते त्याला मी काय करू.

४ ऑक्टोबर, शनिवार

पुण्याचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे. "कार्डावर कोणतंही आवरण, चिकटपट्टी किंवा प्रक्रिया केली आहे का?" मी सविस्तर लिहिलं, "होय. मे २०११ पासून उत्तम प्रतीचं लॅमिनेशन, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे कार्ड छापलं त्या दिवसासारखं आहे." दोन्ही बाजूंचे फोटो जोडले.

मला वाटतं पृष्ठभागाला पैकीच्या पैकी मिळतील.

६ ऑक्टोबर, सोमवार

कादंबरीबाईंचं उत्तर आलं.

"सर, कळवायला वाईट वाटतं. लॅमिनेशन करताना गरम रोलरमधून प्लास्टिक कार्डाच्या शाईला कायमचं चिकटतं. ते काढलं तर चित्र निघून येतं. असं कार्ड आमच्याकडे 'फेरफार केलेलं' धरलं जातं. त्याला गुण देता येत नाहीत. आमच्याकडेच नाही, कुठेच नाही. हवं असल्यास 'मूळ कार्ड, दर्जा नाही' अशी चिठ्ठी लावून डबीत घालून देऊ. ज्यांनी हे केलं त्यांनी जपण्यासाठीच केलं असणार, हे फोटोवरून कळतं."

तीन वेळा वाचलं. शेवटचं वाक्य त्यांनी नसतं लिहिलं तर बरं झालं असतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याच्या बाईंवर विश्वास नव्हता असं नाही, पण प्रयोग केल्याशिवाय मी काही मानत नाही. माझं मॉडरेटरचं ओळखपत्र काढलं, १९९८ चं, मीच लॅमिनेट केलेलं. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, कोपरा सैल झाल्यावर हळूहळू सोललं. प्लास्टिक निघालं. त्याच्याबरोबर माझा फोटो, सही, बोर्डाचा शिक्का, सगळं निघालं. हातात उरला पांढरा कागद. प्लास्टिकवर माझा अर्धा चेहरा उलटा चिकटलेला.

शशिकला मागं उभी होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. तुम्ही कार्ड दिलंत आणि वर्तमानपत्र घेऊन बसलात. ती न्हाणीघरात गेली. नळ सोडून रडत होती. मी दार वाजवलं तर म्हणाली, आई, बाबांना सांगू नकोस."

"डबा गेला तेव्हा रडली नाही आणि कार्ड दिल्यावर रडली?"

"ते तुम्ही तिलाच विचारा. मी दोन्हीकडून निरोप्या होणार नाही."

चौदा वर्षं हे माझ्याच घरात होतं. मी पोरांच्या उत्तरपत्रिकेत खाडाखोडीखालचं उत्तरही वाचायचो, अशी माझी ख्याती होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल विमानतळाच्या उद्घाटनामुळे रस्त्यांवर बंदोबस्त होता, म्हणून दीपेशकडे आज गेलो. विचारलं, "त्या दिवशी तुला दिसलं होतं ना?"

तो डोकं खाजवायला लागला. "सर, गल्ल्यावर बसलेल्या पोराला पन दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इतक्या खुशीत दाखवत होता. आनि सर, तुमी मला प्रिलिमच्या पेपरात खोडलेल्या उत्तराचा एक मार्क दिलावता. त्याच्यावर मी पास झालो. मला नाय जमलं बोलायला."

मला तो गुण आठवत नाही. साडेतीनशे उत्तरपत्रिकांत एक गुण कोणाला आठवणार! पण दीपेशचे कापलेले तीनही गुण मी परत करतो. टाळाटाळ नव्हती ती.

१३ ऑक्टोबर, सोमवार

चार दिवस विचार करतोय. "मूळ कार्ड, दर्जा नाही" अशी डबी करून घेता येईल. देखणी दिसेल, रिकाम्या हातानं बोलावं लागणार नाही. पण ते म्हणजे लॅमिनेशनला लॅमिनेशन. कादंबरीबाईंना आभाराचं पत्र लिहून नको कळवलं.

आता रेवाला सांगायचं की नाही, एवढंच राहिलं. तिनं चौदा वर्षं लपवलं ते माझ्यासाठी. मला कळलंय हे न दाखवणं सोपं आहे आणि ते तिच्यावर उपकार केल्यासारखंही दिसेल. म्हणूनच मला त्याचा संशय येतो.

भीती वाटते, हे लिहून ठेवतो. ती "जाऊ द्या बाबा" म्हणेल आणि मग "गोळी घेतली?" एवढंच उरेल, जन्मभर.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

रेवा आली. केस कापलेत. परतीचं विमान बुधवारी, पाडव्याचं. चकल्या बिघडल्या म्हणून मायलेकी हसत होत्या. मी तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

बोललो.

अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला. शशिकला मुद्दाम खालच्या शेजाऱ्यांकडे ताट घेऊन गेली. मी फाईल काढली, बेडूक टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "रेवा, मी हे खराब केलं. मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं. तो डबाही मीच दिला, आणि वर 'बघ' म्हणालो. माझं चुकलं. मला माफ कर."

एवढंच वाक्य होतं. चौदा वर्षं पाठ करून दहा सेकंदांत संपलं.

रेवानं कार्ड उचललं. तिरपं केलं, रंग बदलले. "दिलंत तेव्हा गरम होतं हे," ती म्हणाली. "तुम्ही मशीनमधून काढून तसेच धावत आला होता. तुमचा शर्ट घामानं भिजला होता. मला हातात घेतल्याबरोबर कळलं, गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्याआधी माझ्यासाठी स्वतःहून कधी काही करून आणलं नव्हतं, बाबा. मी रडले असते तर पुन्हा कधी आणलं नसतं."

ती "जाऊ द्या" म्हणाली नाही. म्हणाली, "बेडकाचा राग गेला केव्हाच. डब्याचा अजून येतो. एकशे अठ्ठेचाळीस होती. तुम्हाला त्यातलं एक तरी आठवतं?"

मी खरं सांगितलं. एकही नाही. मी डबा उघडलाच नव्हता.

ती उठून गॅलरीत गेली. मी तिथंच बसून राहिलो. मग कपाटातून कोऱ्या उत्तरपत्रिकेचा एक ताव काढला, पेन घेतलं, गॅलरीत जाऊन दुसऱ्या खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "पहिलं कुठलं होतं?"

तिनं माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. म्हणाली, "लिहिणार?"

"लिहितो."

"काचेचा खेकडा," ती म्हणाली. "आम्ही मैत्रिणींनीच नाव ठेवलं होतं. त्याची एक नांगी उलटी छापली होती."

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

तीन ताव भरले. खेकडा, तीन डोळ्यांचा बगळा, ढगात बसलेला रेडा, मिशीवाला मासा. कुठलं कोणाकडून बदललं, कुठल्यासाठी तिनं तीन दिवस शाळेच्या डब्यातला लाडू मैत्रिणीला दिला, कुठलं पावसात भिजून पुस्तकात दाबून वाळवलं. बगळा कसा दिसतो ते मला कळेना, तेव्हा तिनं समासात काढून दाखवला. ती आता जी चित्रं काढते त्यांत हे प्राणी येतात, हे मला काल पहिल्यांदा कळलं. मी विचारलंच नव्हतं कधी. आता मात्र माझे प्रश्न संपत नाहीत. ती म्हणाली, "बाबा, एका वेळी एक."

आज शशिकलाला ओवाळणी दिली. तिनं पाकीट न उघडताच विचारलं, "लॅमिनेट नाही ना केलंत?" रेवा हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

तिनं विमान रविवारवर ढकललं. कोणी तसं म्हणालं नाही, मीही कारण विचारलं नाही.

एकशे अठ्ठेचाळीसपैकी त्र्याण्णव आठवली. बेडूक तिच्या पाकिटात गेला. तावांच्या कडा आत्ताच चुरगळल्यात, एकावर चहाही सांडलाय. मी ते एकावर एक ठेवून टाचणी लावत होतो, तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"हे लॅमिनेट करू नका हं, बाबा. अजून आठवतील तशी लिहायचीत."